मागची वखार उत्तम, पुढचे दुकान पारखून

हौसेने सुतारकाम करणाऱ्याला नीट वाळवलेले कोरे लाकूड आणि ते कापण्या-रंधण्याची हत्यारे एकाच ठिकाणी सहसा मिळत नाहीत. या दुकानात दोन्ही आहेत. पुढच्या दालनात हत्यारे, गोंद आणि पॉलिश, मागे छपराखाली वखार. कौल आधीच देऊन टाकतो. लाकूड इथून जरूर घ्या, पण प्रत्येक फळी स्वतः ओढून, उलटून, पाहून घ्या. हत्यारांत मोजक्याच वस्तू घेण्यासारख्या आहेत. आणि रंधा मारून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या तयार फळ्या दारातच सजवून ठेवल्या आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

वखारीत साग, बीच, ॲश, ओक, अक्रोड, मेपल आणि पाईन आहे. जाडीप्रमाणे थर वेगळे लावले आहेत आणि फळीच्या टोकावर जाडी चौथाईत लिहिली आहे: ४/४, ५/४, ६/४, ८/४. नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. ४/४ म्हणजे एक इंच खरा, पण तो करवतीतून निघालेल्या खरबरीत फळीचा. दोन्ही बाजू सपाट केल्या की हातात पाऊण इंच, म्हणजे साधारण १९ मिमी उरतात. तयार वस्तूत पूर्ण एक इंच जाडी हवी असेल तर ५/४ घ्यावी लागते. फळी लांब आणि थोडी वाकलेली असेल तर ४/४ मधून पाऊण इंचही निघत नाही, कारण कमान काढताना रंधा मध्यावर एका बाजूने आणि टोकांवर दुसऱ्या बाजूने लाकूड खातो. उपाय सोपा आहे: आधी फळी हव्या त्या लांबीचे तुकडे करून मगच सपाट करायची. सहा फुटांत अर्धा इंच असलेली कमान दीड फुटाच्या तुकड्यात जेमतेम पाऊण मिमी राहते.

थर कसे रचले आहेत यावरून दुकानदाराला लाकूड कळते की नाही हे समजते. इथे आडव्या थरांच्या मध्ये दर दीड-दोन फुटांवर लाकडी पट्ट्या आहेत आणि त्या खालपासून वरपर्यंत एकाच उभ्या रेषेत आहेत. पट्ट्या पुढे-मागे झाल्या की वरच्या थरांचे वजन मधल्या पोकळ जागेवर येते आणि फळी तिथेच कायमची वाकते. टोकांना मेण लावलेले आहे, तेही योग्यच, कारण लाकडातले पाणी टोकाकडून सपाट बाजूपेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जाते आणि टोके तडकतात. एक उणीव मात्र आहे. सहा फुटांखालचे तुकडे भिंतीला टेकवून उभे ठेवले आहेत. पाहायला सोयीचे, पण महिनोन्‌महिने तिरके उभे राहून त्यांना बाक येतो. त्या रांगेतली फळी डोळ्याला लावून कडेने पाहिल्याशिवाय उचलू नका.

मोजणी बोर्ड फुटात होते: इंचात जाडी, इंचात रुंदी आणि फुटात लांबी यांचा गुणाकार भागिले बारा. एक इंच जाड, सात इंच रुंद, आठ फूट लांब फळी म्हणजे ५६ भागिले १२, साधारण पावणेपाच बोर्ड फूट. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट. इथे रुंदी पाव इंचापर्यंत मोजतात, वरच्या पूर्ण इंचाला ढकलत नाहीत, आणि कडेला झाडाची साल राहिली असेल तर तो भाग सोडून मोजतात. टोकांच्या भेगा मात्र मापात धरतात. तेव्हा प्रत्येक टोकाचे तीन-चार इंच वाया जाणार हे गृहीत धरून निवड करा.

आता ओलावा. या दुकानाची सगळ्यात जमेची बाजू इथे आहे: प्रत्येक थराला ओलाव्याचा आकडा आणि तो मोजल्याची तारीख असलेली चिठ्ठी लावलेली आहे, आणि काउंटरवर मागितले तर सुयांचे मीटर देतात. चिठ्ठीवर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण मीटर लावाच. टोकापासून किमान एक फूट आत, गाठ टाळून, तीन ठिकाणी मोजा. हे मीटर लाकडातून वीज किती अडते ते मोजते, म्हणून त्यावर लाकडाची जात निवडावी लागते. पाईनवर लावलेले मीटर सागावर तसेच वापरले तर आकडा चुकतो. बारीक सुया पृष्ठभागाचेच सांगतात. दोन इंची फळीत वरचे लाकूड दहा टक्क्यांवर आणि गाभा पंधरावर असे सहज असू शकते. अशा फळीतून एक तुकडा कापवून घेतला की ताज्या कापावर सुया टोचून खरे काय ते पाहता येते.

किती ओलावा चालेल हे वस्तू कुठे ठेवणार यावर ठरते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्के असेल तर १२ वर, आणि ८० असेल तर १६ वर. घरातल्या फर्निचरसाठी ८ ते १२ मधले लाकूड घ्यावे आणि कामाच्या खोलीत पट्ट्यांवर दोन-तीन आठवडे बसू द्यावे. वखारीत आलेला आकडा आणि घरी पंधरा दिवसांनी आलेला आकडा, दोन्ही फळीवर खडूने लिहून ठेवा. फरक एका टक्क्याच्या आत आला की काम सुरू करायला हरकत नाही.

याचे महत्त्व एका हिशोबाने पटेल. साडेचारशे मिमी रुंदीचे टेबलाचे वरचे पान घ्या. साग पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, युरोपियन बीच जवळजवळ १२ टक्के. ही आकसण सुमारे २८ टक्के ओलाव्यापासून खाली सुरू होते. ओलावा १२ वरून ८ वर आला तर सागाचे पान सुमारे पावणेचार मिमी आकसेल आणि बीचचे साडेसात. सागाचे पान खालच्या चौकटीला घट्ट चिकटवले तरी एखादे वेळी निभावून जाते. बीच मात्र मधोमध फाटते किंवा सांधा सोडते. चूक गोंदाची नसते. पान चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने किंवा सरकत्या लाकडी गुटक्यांनी धरायला हवे, आणि ते निवडलेल्या जातीनुसार किती सरकू द्यायचे हे वखारीतच ठरवायला हवे.

फळी तपासायचा क्रम असा ठेवा. आधी टोक. वलये फळीच्या सपाट बाजूला जवळजवळ समांतर दिसली तर ती साधी कापलेली फळी आहे: नक्षी मोठी आणि सुंदर, पण पन्हळीसारखी वळण्याची शक्यता जास्त. वलये काटकोनात उभी दिसली तर फळी रुंदीत जवळपास अर्धीच आकसेल. ड्रॉवरच्या बाजू, चौकटी आणि ज्याला सरळ राहायलाच हवे त्या सगळ्यासाठी अशा फळ्या शोधा. इथे त्या वेगळ्या काढून ठेवलेल्या नाहीत. थरात मिसळलेल्या आहेत आणि भावही तोच आहे, त्यामुळे दहा मिनिटे शोधायची तयारी असेल तर हा मोठा फायदा आहे. वलयांच्या मधोमध झाडाचा अगदी मधला ठिपका दिसला तर फळी परत ठेवा. त्या ठिपक्यातून भेग जाणारच.

टेबलाच्या पायांसाठी टोकाकडे आणखी बारकाईने पाहा. ८/४ च्या फळीत वलये एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी, साधारण ४५ अंशांत जाणारी जागा शोधा. बहुतेक ती फळीच्या कडेला सापडते. तिथून कापलेल्या पायाच्या चारही बाजूंना सारख्या सरळ रेषा येतात. नाहीतर दोन बाजूंना डोंगरांसारखी नक्षी आणि दोन बाजूंना पट्टे असा पाय तयार होतो आणि कितीही पॉलिश केले तरी तो डोळ्याला खुपतो.

टोकानंतर पीळ. दोन सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या बरोबर न्या, एक गडद आणि एक फिकट असली तर उत्तम. फळी जमिनीवर सपाट ठेवून दोन टोकांना आडव्या पट्ट्या ठेवा आणि डोळा पट्ट्यांच्या उंचीला आणून पाहा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसायला हव्यात. लांबीतली कमान तुकडे करून आटोक्यात येते, पन्हळ फळी उभी चिरून कमी करता येते, कडेचा बाक सरळ कापता येतो. पीळ मात्र जाडी खाऊनच जातो. सहा फुटांत दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जास्त पीळ असलेली ४/४ ची फळी घेऊच नका.

मग किडा. ओक, ॲश आणि अक्रोडाच्या कडेला असलेल्या फिकट पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात का ते पाहा. फळी जमिनीवर हलकेच आपटा. भोकातून पिठासारखी बारीक पूड पडली तर किडा जिवंत आहे असे समजा आणि दुकानदाराला लगेच सांगा, कारण प्रश्न एका फळीचा राहत नाही. जुनी, काळपटलेली, पूड न पडणारी भोके तितकी धोक्याची नसतात, पण शंका असेल तर घरातल्या इतर लाकडाशेजारी ती फळी ठेवू नका. ॲशच्या ज्या थरात हा फिकट पट्टा रुंद होता, तो थर आम्ही टाळण्यासारखा मानतो.

भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडात आत ताण राहतो, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही. फळी उभी चिरायला घेतली की दोन्ही अर्धे करवतीच्या पात्यावर आवळत येतात. पाते अडकते आणि यंत्रावर तुकडा उलटा फेकला जाऊ शकतो. चाचणीसाठी फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक इंचाचा आडवा काप घ्या आणि मधला भाग काढून त्याचा दोन दातांचा काटा करा. दात आत वळले तर ताण आहे. बारा-पंधरा बोर्ड फुटांहून जास्त लाकूड एकाच थरातून घेणार असाल तर ही चाचणी मागायला संकोचू नका. इथे ती करून देतात.

जायच्या आधी मापांची यादी हवीच. नमुना म्हणून छोटे चौकोनी टेबल घेऊ. पान १८ बाय १८ इंच, त्यासाठी ४/४ चे साडेसहा इंच रुंद, २० इंच लांब तीन तुकडे: २.७ बोर्ड फूट. चार पाय, दीड इंच चौरस आणि २० इंच उंच, त्यासाठी ८/४ मधून दोन इंच चौरस, २१ इंच लांब चार तुकडे: २.३. पायांमधल्या चार पट्ट्या, प्रत्येकी चार इंच रुंद, १५ इंच लांब: १.७. बेरीज ६.७. त्यावर किमान तीस टक्के जास्त धरा, म्हणजे पावणेनऊ बोर्ड फूट. गाठी टाळायच्या असतील किंवा पानाच्या तिन्ही तुकड्यांची नक्षी जुळवायची असेल तर चाळीस टक्के धरा. पानाचे तिन्ही तुकडे शक्यतो एकाच फळीतून काढा. दोन वेगळ्या झाडांचा साग पॉलिशखाली दोन वेगळ्या रंगांचा दिसतो. रंगाचा अंदाज हवा असेल तर विचारून एका कोपऱ्यात छोटा रंधा दोन इंच फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा. पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच येतो.

कापून देण्याची सेवा चांगली आहे. लांब फळी गाडीत मावत नसेल तर कुठे कापायचे ते तुम्हीच खडूने आखून द्या. त्यांनी बरोबर मध्यावर कापली तर तुमच्या यादीतला सगळ्यात लांब तुकडा हुकू शकतो. पात्याचा काप ३ मिमी जातो. दहा काप म्हणजे तीस मिमी, हे हिशोबात धरा.

रंधा मारून देण्याच्या सेवेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. ‘दोन्ही बाजू प्लेन करून देतो’ असे सांगतात, पण फळी थेट जाडीच्या प्लेनरमध्ये घालतात. त्या यंत्राचे रूळ फळीला खाली दाबून धरतात. पीळ दाबला जातो, वरची बाजू कापली जाते, आणि फळी बाहेर पडताच पीळ परत येतो. हाती पडते ती गुळगुळीत, सारख्या जाडीची, पण तितकीच पिळलेली फळी. आधी एक बाजू जॉइंटरवर, म्हणजे फळी न दाबता खालची बाजू सपाट करणाऱ्या यंत्रावर, सपाट करायला सांगा, मग दुसरी प्लेनरवर. जॉइंटर त्यांच्याकडे आहे. तो आठ इंच रुंदीचा आहे, म्हणून त्याहून रुंद फळी असेल तर ती आधी उभी चिरावी लागेल. प्लेनर टोकांना किंचित खोल खातो. दोन्ही टोकांना दोन-तीन इंच जास्त ठेवा आणि शेवटी छाटा. आणि जाडी पूर्ण उतरवून घेऊ नका. दीड-दोन मिमी राखून ठेवा, घरी फळी पुन्हा बसल्यावर शेवटचा हात मारता येतो.

दारातल्या प्लॅस्टिकमधल्या तयार फळ्या का टाळायच्या, हेही यावरूनच कळते. त्या याच पद्धतीने रंधलेल्या आहेत, जाडी आधीच १९ मिमीवर आणली आहे, म्हणजे सुधारायला लाकूड शिल्लक नाही. प्लॅस्टिकमुळे मीटर लावता येत नाही आणि टोक नीट दिसत नाही. घरी वेष्टण काढून फळी टेबलावर आडवी टाकली की वरची बाजू आधी सुकते आणि दुसऱ्या दिवशी पन्हळ तयार.

प्लायवुडबद्दल थोडक्यात. ताव ८ बाय ४ फुटांचे आहेत. कड पाहा: मधल्या थरांत पोकळ्या किंवा एकावर एक चढलेले तुकडे असतील तर तिथे स्क्रू धरणार नाही. खोबणी पाडण्याआधी जाडी कॅलिपरने मोजा. १८ चा म्हणून दिलेला ताव बहुधा १७ आणि काही असा भरतो आणि १८ ची खोबणी सैल बसते.

हत्यारांच्या दालनात पटाशा घेण्यासारख्या आहेत, एकेक पाहून घेतल्या तर. पाठ महत्त्वाची. सरळ पट्टी पाठीवर टेकवून उजेडासमोर धरा. मधून बारीक उजेड दिसला, म्हणजे पाठ किंचित पोकळ असली, तर उत्तम, निसण्यावर लवकर बसते. पट्टी मध्यावर डुलत असेल तर पाठ फुगलेली आहे. अशी पाठ सपाट करायला तासन्‌तास जातात आणि तरी धारेजवळचा भाग गोल राहतो. एकाच डब्यात दोन्ही प्रकार सापडतात. डव्हटेलसाठी, म्हणजे तिरक्या दातांच्या सांध्यासाठी, बाजूच्या कडा किती पातळ उतरवल्या आहेत तेही पाहा. जाड कडा सांध्याच्या कोपऱ्यात शिरत नाहीत आणि शेजारचे लाकूड चेपतात. सहा, बारा आणि वीस मिमी अशा तीन पटाशा पुरतात, बाराचा संच घ्यायचे काही कारण नाही. धार २५ अंशांची येते. टोकाला ३० अंशांची बारीक दुसरी धार लावली की कठीण लाकडात टवका उडत नाही.

लोखंडी रंधे दिसायला देखणे आहेत, पण सावध. पाते आत ओढून, पण घट्ट कसून, तळाला सरळ पट्टी लावा. पुढचे टोक, तोंडाच्या (पाते बाहेर येते त्या फटीच्या) लगेच पुढची जागा आणि मागचे टोक, या तीन जागा एका पातळीत हव्यात. स्वस्त रंध्यांत तोंडाच्या पुढची जागा हमखास खोल असते आणि मग पातळ, अखंड साल निघत नाही. पात्यावरची झाकणपट्टी पात्याला कुठे फट न ठेवता टेकते का पाहा. फट असेल तर भुसा तिथे अडकून तोंड बंद होते. गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचे हत्यार, तपासायला सरळ कडेची फळी मागा, टोकदार पेन्सिलने एक रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन रेघा फाकल्या तर जितके अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. कपाटातला लाकडी मुठीचा गुण्या या चाचणीत टिकत नाही. सगळा धातूचा टिकतो.

गोंदाच्या बाटलीवर तारीख पाहा आणि बाटली हलवून पाहा. गुठळ्या किंवा दोरासारखा ओघ दिसला तर ठेवून द्या. पाण्यात टिकण्याचा दर्जा डी३, डी४ असा लिहिलेला असतो. बाहेर ठेवायच्या वस्तूंसाठी डी४ दर्जाचा घ्या, आतल्यांसाठी डी३ पुरेसा आहे. शेजारच्या फळीवर उकळलेले जवसाचे तेल ठेवले आहे, पण त्याबरोबर द्यायला हवी ती सूचना कुठेच लावलेली नाही: तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. धुळीचे मास्क याच रांगेत शेवटी, खालच्या कप्प्यात आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलेली आहे, तेव्हा ते काउंटरवर समोर हवेत. नाकाला घट्ट बसणारे, एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचे घ्या. कापडी पट्टी बारीक धूळ अडवत नाही.

कोपऱ्यात शिसवाचे आणि तशाच गडद लाकडांचे छोटे ठोकळे आहेत, मुठी आणि पेनांसाठी. शिसवाच्या वंशातल्या (डाल्बर्जिया) सगळ्या जाती २०१७ पासून सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, फक्त ब्राझिलियन रोजवुड आणखी कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. ठोकळ्यावर नुसते ‘रोजवुड’ लिहिले असेल तर कोणती जात, कुठून आली आणि कागद आहेत का, हे विचारा. इथे बऱ्याच ठोकळ्यांवर जातीचे नाव आहे, काहींवर नाही. नाव नसलेले घेऊ नका.

बाहेर पडायच्या दारापाशी कापातून उरलेल्या तुकड्यांची पेटी आहे, वजनावर विकतात. वरवरचे तुकडे चाळून गेलेले असतात, तळापर्यंत हात घाला. ८/४ च्या कडेचे फूट-दीड फूट लांबीचे, सरळ रेषांचे तुकडे तिथे मिळतात. हातोडीच्या दांड्याला, पटाशीच्या मुठीला आणि सरकत्या गुटक्यांना ते नेमके लागतात. मीटर परत करण्याआधी त्यांनाही लावून पाहा, कारण पेटीत ओले आणि सुके एकत्रच पडलेले असते.